कथा सध्या कुणाकडे आहे?

तुमची कथा आत्ता, या घडीला, कुणाकडे आहे?

लिहिणाऱ्या कुणालाही हा प्रश्न विचारून बघा. कथा कशी सुचली, शेवट किती वेळा बदलला, हे तो अर्धा तास सांगेल. पण ती सध्या कोणत्या संपादकाकडे आहे, किती दिवस झाले, त्याआधी कुठून परत आली, असं विचारलं की गाडी अडते. ‘त्या मासिकाला पाठवली होती बहुतेक. जूनमध्ये का जुलैत? मग एका दिवाळी अंकानेही मागितली होती...’

याला विसरभोळेपणा म्हणू नका. जरा हिशेब मांडून बघू. समजा, तुमच्याकडे पाठवण्याजोग्या १२ कथा-कविता आहेत आणि डोळ्यांसमोर १५ मासिकं नि दिवाळी अंक आहेत. कोणतीही कृती कोणत्याही अंकाला जाऊ शकते, म्हणजे जोड्या झाल्या १८०. त्यातली प्रत्येक जोडी चारपैकी एका अवस्थेत असणार: अजून पाठवलंच नाही, पाठवलंय पण उत्तर नाही, साभार परत आलं, किंवा स्वीकारलं. शिवाय प्रत्येकीच्या तारखा वेगळ्या. एवढं सगळं डोक्यात ठेवून पुन्हा नवी कथा कोण लिहिणार?

आमच्या धर्माबादेतून लिहिणाऱ्याला तर हे फारच जाणवतं. नांदेड जिल्ह्याचं हे तेलंगणाला टेकलेलं टोक. बाजारात मराठी आणि तेलुगू एकाच वाक्यात ऐकू येतात, लाल मिरचीची पोती भरलेल्या गाड्या मार्केट यार्डात लागतात, आणि निजामाबादच्या दिशेने थोडं पुढे गेलं की गोदाकाठचं बासर, जिथे ज्ञानसरस्वतीसमोर लेकरांना पहिलं अक्षर गिरवायला लावतात. अक्षराची सुरुवात इतकी जवळ, पण ते छापणारे बहुतेक सगळे लांब! पुण्या-मुंबईच्या संपादकाची इथल्या माणसाला सहज गाठ पडत नाही. जाता जाता कार्यालयात डोकावून ‘माझ्या कथेचं काय झालं’ असं विचारता येत नाही. सगळा व्यवहार टपालावर, ईमेलवर आणि आता व्हॉट्सअ‍ॅपवर. म्हणून नोंद हाच आपला एकमेव धागा.

आणि हा व्यवहार केवढा जुना आहे! का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला १९०९ साली. तेव्हापासून आजपर्यंत मराठी लेखक दरवर्षी आपली बाडं कुठे ना कुठे पाठवतोच आहे. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या काळात ‘सत्यकथे’कडे गेलेल्या कथांवर सूचनांची पत्रं येत, कथा दुरुस्त होऊन पुन्हा जात. म्हणजे एकच कथा एकाच मासिकाकडे दोन-तीनदा ये-जा करी. संपादकाच्या कार्यालयात आवक-जावक वही असते. लेखकाकडे काय असतं? डायरीचं मागचं पान, आणि पाकिटावर लावलेल्या तिकिटांची आठवण.

एका कादंबरीकाराला ही अडचण इतकी टोचली की त्याने त्यावर प्रोग्रॅमच लिहून टाकला. सायमन हेन्स हा पश्चिम ऑस्ट्रेलियातला लेखक. हॅल स्पेसजॉक नावाचा एक धांदरट मालवाहू यानचालक आणि क्लंक नावाचा त्याचा यंत्रमानव सोबती, यांच्या गमतीदार विज्ञानकादंबऱ्या तो लिहितो. तो प्रोग्रॅमरही आहे. लिहिता लिहिता त्याला जे जे लागलं ते त्याने स्वतःच बनवलं: कादंबरीतली प्रकरणं आणि प्रसंग सांभाळायला ‘वायरायटर’, आणि पाठवलेल्या साहित्याचा माग ठेवायला ‘सोनार’. पाणबुड्या खोल पाण्यातली वस्तू शोधायला जे ध्वनियंत्र वापरतात, त्याचं हे नाव. आणि हे दोन्ही प्रोग्रॅम त्याने जगाला फुकट देऊन टाकले. पर्थकडच्या एका माणसाने स्वतःची गरज भागवायला केलेली वस्तू धर्माबादच्या लेखकाला एक पैसाही न देता मिळते, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

आता सोनार संगणकावर बसवू. तो विंडोजसाठी आहे. हेन्स यांच्या ‘स्पेसजॉक सॉफ्टवेअर’च्या संकेतस्थळावरूनच तो उतरवून घ्या, भलत्या ठिकाणाहून नको. कारण लगेच सांगतो. उतरवलेल्या फाइलवर दोनदा क्लिक केलं की कदाचित एक निळी खिडकी उघडेल आणि विंडोज म्हणेल की हा प्रोग्रॅम ओळखीचा नाही, जपून! बरेच जण इथेच घाबरून मागे फिरतात. पण ही खिडकी का येते, ते बघा तरी.

प्रत्येक फाइलचा एक ठसा काढता येतो. फाइल एका पानाची असो की हजार पानांची, एक ठरलेलं गणित तिच्यातला शून्य-एकचा सगळा मजकूर घुसळतं आणि शेवटी २५६ शून्य-एकांची एकच ओळ हाती देतं. फाइलमधला एक स्वल्पविराम बदला, सगळी ओळच पालटते. दोन वेगळ्या फाइलींचा ठसा चुकून सारखा निघेल, ही शक्यता व्यवहारात शून्यच धरतात, कारण संभाव्य ठशांची संख्या लिहायला ७८ आकडे लागतात. विंडोज तुमच्या फाइलचा ठसा आणि तिच्यावरची प्रकाशकाची डिजिटल सही पडताळतं आणि बघतं की जगात किती जणांनी ही बिनबोभाट वापरली आहे. एका लेखकाने बनवलेला, मोजक्या लोकांनी उतरवलेला प्रोग्रॅम तिथे अनोळखी ठरू शकतो. ‘अनोळखी’ म्हणजे ‘वाईट’ नव्हे. फाइल मूळ लेखकाच्याच जागेवरून घेतली असेल, तर ‘मोर इन्फो’ दाबा, खाली ‘रन एनीवे’ दिसेल. ती दुसरीकडून आली असेल, तर मात्र त्या इशाऱ्याचा मान राखा. पुढे ‘नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश’, झालं.

प्रोग्रॅम उघडला. आता पहिली कृती नोंदवायची. शीर्षकाच्या रकान्यात समजा ‘मिरची’ लिहायचं आहे. इथे क्षणभर थांबा, कारण या तीन अक्षरी शब्दामागे केवढं काम दडलेलं आहे!

संगणकाला अक्षर ठाऊक नसतं, आकडा ठाऊक असतो. जगातल्या लिप्यांतल्या प्रत्येक चिन्हाला एक कायमचा आकडा द्यायचा, ही युनिकोडची कल्पना. त्यात देवनागरीचा मुख्य गट १२८ जागांचा. ‘मिरची’ हा शब्द संगणकात असा साठतो: २३५०, २३६७, २३५२, २३३०, २३६८. पाच आकडे. पहिला म, दुसरा ऱ्हस्व वेलांटी, मग र, च आणि शेवटी दीर्घ वेलांटी. आता नीट बघा. कागदावर ऱ्हस्व वेलांटी म-च्या आधी येते. साठवलेल्या आकड्यांत ती म-च्या नंतर आहे! कारण आपण बोलतो त्या क्रमाने ती साठते: आधी ‘म्’चा आवाज, मग ‘इ’चा. पडद्यावर दाखवायची वेळ आली की एक वेगळी यंत्रणा ते आकडे वाचते, वेलांटी उचलून डावीकडे नेते आणि मग शब्द रंगवते. तुम्ही टाइप करता तेव्हा प्रत्येक कळीला हे घडतं, इतक्या झटपट की नजरेला काहीच कळत नाही. जोडाक्षरं आणि ‘ऱ्या’मधला तो आपला खास अर्धा र, यांचीही अशीच बडदास्त ठेवली जाते.

टाइप कसं करायचं? विंडोजच्या भाषा-सेटिंगमध्ये मराठी कीबोर्ड जोडला की इनस्क्रिप्ट मिळतो. त्याची मांडणी करणाऱ्याला मी मनोमन दाद देतो. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. क आणि ख एकाच कळीवर, शिफ्ट दाबली की क-चा ख होतो. ग-घचंही तसंच. शाळेत पाठ केलेली वर्णमाला बोटांत उतरलेली!

एक सावधगिरी. तुमच्या जुन्या कथा एखाद्या डीटीपी दुकानात जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतील, तर त्यांचं शीर्षक इथे नक्कल करून चिकटवल्यावर इंग्रजी अक्षरांची नि चिन्हांची खिचडी दिसेल. त्या काळी मराठी अक्षरांना स्वतःचे आकडे मिळालेले नसत. इंग्रजी अक्षरांच्याच आकड्यांवर मराठी आकार बसवलेले असत. तो फॉन्ट काढून घेतला की खालचे इंग्रजी आकडे उघडे पडतात. म्हणून शीर्षकं युनिकोडमध्ये नव्याने टाइप करा. आणि सुरुवातीला एकच शीर्षक टाकून, प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडून बघा. अक्षरं जशीच्या तशी दिसली की पुढचं काम निर्धास्तपणे करा.

आता या सगळ्याच्या गाभ्याकडे येऊ. सोनारमध्ये, आणि अशा कोणत्याही चांगल्या नोंद-प्रोग्रॅममध्ये, तीन गोष्टी वेगवेगळ्या नोंदवायच्या असतात. एक, तुमच्या कृती: शीर्षक, प्रकार, शब्दसंख्या. दोन, ठिकाणं: मासिकाचं नाव, पत्ता, मानधन वगैरे. तीन, पाठवण्या: कोणती कृती, कोणत्या ठिकाणी, कधी गेली, कधी उत्तर आलं, काय उत्तर आलं. एवढंच. पहिल्यांदा बघणारा म्हणतो, ‘यात काय मोठंसं? एकाच लांबलचक तक्त्यात सगळं का लिहू नये?’

धर्माबादच्या मार्केट यार्डात मिरचीच्या आडतीवर बसून बघा, मग कळेल. आडत्याकडे माल आणणारे शेतकरी असतात, घेणारे खरेदीदार असतात. लिलाव होतो, वजन होतं आणि प्रत्येक सौद्याची पट्टी फाटते. पट्टीवर शेतकऱ्याचं नाव असतं, खरेदीदाराचं नाव असतं, तारीख, वजन, भाव. त्यावर शेतकऱ्याची जमीन किती, गाव नदीपासून किती लांब, खरेदीदाराचं गोदाम कुठे, हे कुणी लिहीत नाही. ते ज्याच्या त्याच्या खात्यावर एकदाच असतं. खरेदीदाराने गोदाम बदललं तर एका जागी दुरुस्ती, शेकडो जुन्या पट्ट्यांना हात लावायची गरज नाही. शेतकरी आणि खरेदीदार एकमेकांना जोडले जातात ते फक्त पट्टीने. तुमची कृती म्हणजे तो माल, मासिक म्हणजे तो खरेदीदार, आणि तिसरी यादी म्हणजे पट्ट्यांचा गठ्ठा.

साधं वाटतं ना? पण संगणकाच्या जगाला हे शहाणपण मिळायला १९७० साल उजाडावं लागलं. त्याआधी माहिती झाडासारखी साठवत: खोड, फांद्या, उपफांद्या. चंद्रावर माणूस नेणाऱ्या अपोलो मोहिमेच्या सुट्या भागांची प्रचंड यादी सांभाळायला आयबीएम कंपनीने १९६० च्या दशकात जी प्रणाली उभारली, ती याच पद्धतीची. सुट्या भागांना ती शोभतही होती, कारण मोठ्या भागात छोटा, छोट्यात आणखी छोटा, अशीच त्यांची रचना असते. पण आपलं साहित्य या झाडावर बसवून बघा. फांदी कथेची धरली आणि तिच्याखाली मासिकं लिहिली, तर एकाच मासिकाचं नाव बारा कथांखाली बारा वेळा येणार. फांदी मासिकाची धरली, तर एकच कथा पंधरा मासिकांखाली येणार. पत्ता बदलला की बारा ठिकाणी शोधा, त्यातल्या एका ठिकाणी राहून गेला की वहीतच दोन खरे पत्ते! एक कथा अनेक ठिकाणी जाते आणि एका ठिकाणी अनेक कथा जातात. या दुहेरी नात्याला झाडावर जागाच नाही.

एडगर कॉड नावाच्या गणितज्ञाने ही कोंडी फोडली. जन्म इंग्लंडचा, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात वैमानिक, पुढे अमेरिकेत आयबीएममध्ये. जून १९७० मध्ये त्याचा एक लेख प्रसिद्ध झाला, उणापुरा ११ पानांचा. त्याचं म्हणणं असं: झाडं सोडा, माहिती साध्या तक्त्यांत ठेवा. नातंसुद्धा तक्त्यातल्या ओळीनेच दाखवा. आणि माहिती कुठे कशी ठेवली आहे याची चिंता माणसाने करू नये. त्याने फक्त काय हवं ते विचारावं, शोधायचं कसं ते यंत्र बघेल. आज बँकेचं खातं, रेल्वेचं आरक्षण, रेशनची यादी, जिथे बघाल तिथे या विचाराचे वंशज काम करताहेत. कॉडला १९८१ मध्ये ट्युरिंग पुरस्कार मिळाला. संगणकशास्त्रात त्यावरचा मान नाही.

मला या रचनेतलं सगळ्यात विलक्षण वाटतं ते पुढे आहे. आपण ज्या प्रश्नापासून निघालो, ‘कथा सध्या कुठे आहे’, त्याचं उत्तर या तीन याद्यांमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं! लिहायची गरजच नसते. समजा ‘मिरची’ कथा १२ जून २०२५ ला एका मासिकाकडे गेली आणि ३ ऑगस्टला साभार परत आली. मग १० ऑगस्टला ती एका दिवाळी अंकाकडे गेली आणि त्या ओळीतला उत्तराचा रकाना अजून रिकामा आहे. आता प्रोग्रॅमला विचारा. तो ‘मिरची’च्या सगळ्या ओळी गोळा करतो, सगळ्यांत अलीकडची घेतो, उत्तराची जागा रिकामी दिसली की म्हणतो: बाहेर आहे, या दिवाळी अंकाकडे. रकाना भरलेला असता आणि उत्तर ‘साभार परत’ असतं, तर म्हणाला असता: घरी आहे, पाठवायला मोकळी. अवस्था साठवली की ती शिळी होण्याचा धोका असतो. इथे ती घटनांवरून दर वेळी ताजी काढली जाते. तुम्ही फक्त काय घडलं तेवढं प्रामाणिकपणे लिहीत राहायचं.

किती दिवस झाले, हेही तसंच. तुम्हाला वाटेल, जूनचे ३० दिवस, जुलैचे ३१, लीप वर्ष, असलं सगळं गणित तो करत असेल. पण हा गुंताही एका जुन्या युक्तीने सुटतो. लिबरऑफिससारख्या मोफत तक्त्याच्या प्रोग्रॅममध्ये तारीख म्हणजे नुसता आकडा असतो: ३० डिसेंबर १८९९ पासून किती दिवस उलटले. १ जानेवारी २००० म्हणजे ३६५२६. आपल्या कथेचा १२ जून २०२५ म्हणजे ४५८२०, आणि परत आली तो ३ ऑगस्ट म्हणजे ४५८७२. वजा करा: ५२ दिवस. महिने, वर्षं, लीप वर्षाचा फेब्रुवारी, सगळं आकड्यात आधीच विरघळलेलं आहे. पडद्यावर दिसते ती तारीख फक्त आपल्या सोयीसाठी.

आता या याद्यांना खरे अवघड प्रश्न विचारू. ‘कोणत्या कृती सध्या घरी पडून आहेत?’ हा रोजचा प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्यांत उपयोगी. ‘नव्वद दिवस उलटूनही कुणाचं उत्तर नाही?’ म्हणजे कुणाला विनयाने स्मरणपत्र पाठवायचं ते कळतं. ‘ही कथा अजून कोणत्या मासिकाने बघितलेली नाही?’ हा प्रश्न बघा, किती वेगळा आहे! यात न घडलेल्या गोष्टी विचारल्या आहेत. डायरी न घडलेलं कधीच सांगू शकत नाही, तिच्यात घडलेलंच असतं. पण आपल्याकडे सगळ्या मासिकांची स्वतंत्र यादी आहे. तिच्यातून ही कथा जिथे जिथे गेली ती नावं वजा केली की जी उरतात, ते उत्तर. ठिकाणांची यादी वेगळी ठेवायचा खरा नफा इथे मिळतो. सगळं एकाच तक्त्यात कोंबलं असतं, तर ज्या मासिकाकडे काहीच पाठवलं नाही त्याचं नावही तिथे नसतं.

मराठी साहित्यव्यवहारात एक संकेत आहे: एकच साहित्य एका वेळी दोन ठिकाणी पाठवू नये. हा संकेत मोडतो तो बहुधा लबाडीने नव्हे, विस्मरणाने. कथा कुठे अडकली आहे हे आठवत नाही, नव्या अंकाने मागितली, दिली पाठवून. आणि दिवाळीत दोन अंकांत एकच कथा! संपादक दुखावतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. पाठवण्याआधी कृतीच्या नावापुढे ‘बाहेर’ दिसलं की हात आपोआप थांबतो.

ठिकाणांची यादी भरायला मात्र वेळ द्या. घाई करू नका. विचार करा, ‘साधना’ म्हणजे साने गुरुजींनी १९४८ साली सुरू केलेलं साप्ताहिक. ‘किशोर’ हे बालभारतीचं, १९७१ पासून मुलांसाठी निघणारं. ‘प्रतिष्ठान’ मराठवाडा साहित्य परिषदेचं, ‘कवितारती’ पुरुषोत्तम पाटलांनी धुळ्याहून चालवलेलं आणि निव्वळ कवितेला वाहिलेलं, ‘अस्मितादर्श’ गंगाधर पानतावण्यांनी उभं केलेलं दलित साहित्याचं व्यासपीठ. प्रत्येकाचा पिंड निराळा. सोनारसारखे प्रोग्रॅम इंग्रजी कथेचा बाजार डोळ्यांपुढे ठेवून बनलेले आहेत, त्यामुळे आपल्याला लागणाऱ्या काही गोष्टींना तिथे तयार रकाना मिळणार नाही. त्या शेऱ्याच्या जागेत लिहा: साहित्य टपालाने की ईमेलने की व्हॉट्सअ‍ॅपवर, युनिकोड चालतं का, पोच देतात का, अंकाची प्रत घरी येते का, दिवाळी अंकाची मुदत कधी संपते. दोन वर्षांनी ही शेऱ्यांची जागा प्रोग्रॅमपेक्षा मोलाची होते.

ज्यांच्याकडे विंडोज नाही त्यांनी हिरमुसू नये. लिबरऑफिस लिनक्सवर चालतं, मॅकवर चालतं, फुकट आहे, आणि त्याचे मेनूसुद्धा मराठीत करून घेता येतात. त्यात तीन पानं उघडा: कृती, ठिकाणं, पाठवण्या. तिसऱ्या पानावर पाच-सहा रकाने. आजच्या तारखेतून पाठवल्याची तारीख वजा करणारं एक सूत्र. एवढ्यावर वर सांगितलेलं निम्मं काम होतं. मला स्वतःला विचाराल, तर लेखकाने एकदा तरी हे हाताने करून बघावं. तीन याद्या वेगळ्या का, ते बोटांना कळतं.

आणि फोन? ज्या फोनवरून तुम्ही कविता व्हॉट्सअ‍ॅपने पाठवता, त्याच फोनमध्ये कॉडचे तक्ते आधीच ठाण मांडून आहेत. रिचर्ड हिप नावाचा अमेरिकन प्रोग्रॅमर एका युद्धनौकेच्या संगणकासाठी काम करत होता. तिथला मोठा माहितीसाठ्याचा सर्व्हर बंद पडला की सगळंच अडायचं. त्याला वाटलं, सर्व्हर कशाला हवा? सगळे तक्ते एकाच साध्या फाइलमध्ये मावले तर? त्यातून २००० साली ‘एसक्यूलाइट’ जन्माला आलं, आणि त्याने त्यावरचा आपला सगळा हक्क सोडून दिला. आज प्रत्येक अँड्रॉइड आणि आयफोनमध्ये ते आहे. तुमचे संपर्क त्यात, व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश त्यात. संपादकाला गेलेला तुमचा संदेशसुद्धा फोनच्या पोटात एका तक्त्यातली एक ओळ होऊन बसलेला आहे, पाठवल्याच्या क्षणासकट. फक्त ‘ही माझी कथा’ एवढं त्याला ठाऊक नसतं. ते आपण सांगायचं.

या सगळ्या नोंदी शेवटी एखाद-दुसऱ्या छोट्या फाइलमध्ये असतात, म्हणून तिची नक्कल ठेवण्याबद्दल मी जरा हट्टाने बोलणार आहे. मराठी गद्याच्या पहाटेच एक मोठी हानी झालेली आहे. म्हाइंभटांनी गावोगाव हिंडून, ज्याच्या बाबतीत जे घडलं त्याच्याकडूनच ऐकून, चक्रधरस्वामींच्या लीळा जमवल्या. कुणी काय सांगितलं याचा असा काटेकोर माग त्या काळात ठेवणारा माणूस! आणि महानुभाव परंपरा सांगते की त्या ‘लीळाचरित्रा’ची मूळ पोथी खालशाच्या, म्हणजे सुलतानी फौजेच्या, धाडीत गेली. मग शिष्यांनी आठवणीतून ती पुन्हा उभी केली, एकाने नव्हे तर अनेकांनी, आणि म्हणूनच आज तिचे वेगवेगळे पाठ सापडतात. त्यांच्याकडे पाठांतराचं बळ होतं. आपल्याकडे ते नाही. तेव्हा महिन्यातून एकदा ती फाइल पेनड्राइव्हवर घ्या आणि स्वतःलाच ईमेलने पाठवून ठेवा. फाइलच्या नावात तारीख घाला, म्हणजे जुनी नि नवी यात गोंधळ होणार नाही. मूळ कथांच्याही फाइली त्याच वेळी न्या.

सुरुवात करताना गेल्या दहा वर्षांचा इतिहास भरत बसू नका, त्यात उत्साह मावळतो. आज जे जे बाहेर आहे तेवढंच आधी लिहा. ईमेलमधली ‘सेंट’ची पेटी आणि व्हॉट्सअ‍ॅपचा शोध यांतून तारखा सापडतील, टपालाच्या पावत्या असतील तर उत्तमच. मग घरी पडून असलेल्या कृतींची नावं घाला. जुनी साभार परत आलेली पत्रं सवडीने, एखाद्या रविवारी. दिवाळी अंकांचे संपादक उन्हाळा सरता सरता साहित्य मागवू लागतात. तोवर ‘ही कथा अजून कुणी बघितलेली नाही’ ही यादी तुमच्यासमोर तयार असायला हवी.